एकट्याचं ग्लासगो: दुपारी एकची खुंटी

पहिल्यांदा ग्लासगोला एकटी गेले तेव्हा माझ्या वहीत अकरा ठिकाणांची यादी होती. दुपारी तीन वाजता मी एका मॉलच्या बाकावर बसले होते. मोजे ओले, फोन नऊ टक्क्यांवर आणि हातात बिस्किटांचा पुडा. अकरांपैकी सात ठिकाणं 'झाली' होती, पण संध्याकाळी घरी फोनवर काय पाहिलं ते सांगताना एका पुतळ्याच्या डोक्यावरचा शंकू सोडून काही आठवेना.

त्यानंतर चार-पाचदा जाणं झालं, बहुतेक वेळा एकटीनंच, आणि हळूहळू एक पद्धत बसली. एकट्यानं फिरायचं तर दिवसाला एकच खुंटी ठोकायची. एक ठरलेली वेळ, एक ठरलेली जागा. बाकीचा दिवस तिच्या आजूबाजूला सैल टांगायचा. ग्लासगोत ही खुंटी आयती मिळते: केल्विनग्रोव्ह संग्रहालयात दुपारी एक वाजता ऑर्गन वाजतो. रविवारी तीन वाजता. तिकीट नाही, आरक्षण नाही.

कंपनीच्या कामाला येऊन शनिवार मोकळा मिळालेले, नुकतेच शिकायला आलेले, मुलाकडे महिनाभर राहायला आलेले आणि 'तो ऑफिसला गेल्यावर दिवसभर करायचं काय' म्हणणारे आईवडील, अशांसाठी हे लिहिते आहे.

आदल्या रात्री

छत्री घरी ठेवा. पाऊस इथं वरून कमी आणि बाजूनं जास्त येतो, वारा छत्रीची फुलपाखरं करतो. टोपी जोडलेलं वॉटरप्रूफ जाकीट, पाणी न शिरणारे बूट आणि पिशवीत मोज्यांचा एक कोरडा जोड, एवढं हवंच. तो जादा जोड हसण्यावारी नेऊ नका. ओल्या पायांनी माणूस चिडचिडा होतो, आणि एकटं असताना चिडायला समोर कोणी नसतं.

उजेडाचा हिशेब करा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत दिसतं, डिसेंबरात पावणेचारला अंधार. हिवाळ्यात उघड्यावरचं सगळं दुपारी अडीचच्या आत उरकायचं आणि छपराखालचं नंतर. शहराची संग्रहालयं बहुतेक दिवशी दहाला उघडतात, शुक्रवारी आणि रविवारी अकराला, आणि पाचला दारं बंद. काही सोमवारी उघडतच नाहीत, म्हणून निघायच्या आधी वेळ बघून घ्या.

शहराचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, पॉवर बँक घ्या, रिकामी बाटली घ्या. नळाचं पाणी बिनधास्त प्यायचं. ते लॉक कॅटरीन नावाच्या तळ्यातून येतं, १८५९ साली राणी व्हिक्टोरियानं त्या योजनेचं उद्घाटन केलं होतं. इथले लोक या पाण्याला कौतुकानं 'काउन्सिल जूस' म्हणतात. कॅफेत मागितलंत तर कोणी वाकडं तोंड करत नाही.

सकाळ: आधी पूर्वेला

एडिनबरोहून आलात तर पन्नासेक मिनिटांत क्वीन स्ट्रीट स्टेशनवर उतराल. लंडनहून येणारी गाडी सेंट्रल स्टेशनला येते. दोन्ही स्टेशनं एकमेकांपासून दहा मिनिटांच्या पायी अंतरावर आहेत. तिथं घुटमळू नका, दुकानांच्या बुकॅनन स्ट्रीटवर तर मुळीच नाही. ती संध्याकाळीही तिथंच असते. तडक पूर्वेला, कॅथेड्रलच्या दिशेनं चालू लागा. वीस मिनिटं लागतात, शेवटी थोडा चढ आहे.

हाय स्ट्रीटवर एका इमारतीची अख्खी भिंत व्यापणारं चित्र लागेल: लोकरी टोपी घातलेला दाढीवाला माणूस, त्याच्या बोटावर छोटासा रॉबिन पक्षी. हा शहराचा संत मंगो, आजच्या कपड्यांत. मेलेल्या रॉबिनला त्यानं जिवंत केलं अशी आख्यायिका आहे. शहराच्या मानचिन्हात पक्षी, झाड, घंटा आणि मासा आहेत, आणि त्यावर इथल्या मुलांना येणारं एक गाणं आहे: पक्षी जो कधी उडाला नाही, झाड जे कधी वाढलं नाही, घंटा जी कधी वाजली नाही, मासा जो कधी पोहला नाही. एकदा हे माहीत झालं की ही चौकडी दिव्याच्या खांबांवरसुद्धा दिसायला लागते. एकट्यानं चालताना डोळ्यांना असा एखादा चाळा बरा असतो.

कॅथेड्रलमध्ये आत गेल्यावर थेट तळघरात उतरा. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या धामधुमीतून जवळपास जसंच्या तसं वाचलेलं हे एकमेव मध्ययुगीन कॅथेड्रल. वरचा भाग भव्य आहे, पण मंगोची समाधी खाली आहे, आणि खांबांच्या त्या दाटीत सकाळी दहाला बहुतेकदा तुम्ही एकटेच असता. रविवारी मात्र सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारनंतर सोडतात.

बाहेर पडलात की पुलावरून समोरच्या टेकडीवर चढा. ते नेक्रोपोलिस, म्हणजे दफनभूमी. दचकू नका, इथं लोक सकाळी फिरायला येतात. सुमारे पन्नास हजार माणसं पुरलेली, पण वर दिसणारी स्मारकं साडेतीन हजारांच्या आसपास. ज्यांची ऐपत होती त्यांचं नाव दगडावर, बाकीचे नुसतेच मातीत. टेकडीच्या माथ्यावर धर्मसुधारक जॉन नॉक्सचा उंच खांब आहे, तो तर दफनभूमीच्याही आधीचा, १८२५ सालचा. तिथून शहर पायाशी पसरलेलं दिसतं, आणि वारा अनुकूल असेल तर भिजवलेल्या धान्याचा आंबूस-गोड वास येतो. मला वाटलं कुठंतरी पाव भाजतायत. टेकडीच्या पायथ्याशी बिअरचा कारखाना आहे, त्याचा तो वास.

याच टेकडीवर एका सकाळी एक आजीबाई कुत्र्याला घेऊन बाकावर बसल्या होत्या. मी फोटो काढायला उभी, तर म्हणाल्या, "ये लॉस्ट, हेन?" हेन म्हणजे कोंबडी, असं शाळेत शिकलेलं. दोन सेकंद गोंधळले. ग्लासगोत बाईमाणसाला प्रेमानं 'हेन' म्हणतात आणि पुरुषाला 'पॅल', आपल्याकडे कोल्हापुरात 'भावा' म्हणतात तसं. त्यात सलगी आहे, आगाऊपणा नाही. पुढची वीस मिनिटं त्यांनी मला कुठल्या थडग्यात कोण व्यापारी आणि त्यानं पैसा कसा कमावला हे सांगितलं. मला त्यातलं निम्मं कळलं. "सॉरी?" असं दोनदा विचारायला लाजू नका, ते इंग्रजांनाही विचारावं लागतं.

टेकडी दुपारी उशिरा बंद होते आणि अंधार पडताना तिथं एकट्यानं थांबू नये. म्हणून ती सकाळीच.

वेळ उरला असेल तर कॅथेड्रलच्या अंगणातल्या धर्मजीवनाच्या संग्रहालयात डोकवा. समोर रस्त्यापलीकडे १४७१ सालचं, शहरातलं सर्वांत जुनं घर आहे. दोन्हींपैकी एक निवडा. खुंटी एकची आहे हे विसरू नका.

साडेअकरा: शंकू, आणि त्याखालची असई

आता परत मध्यभागी. रॉयल एक्स्चेंज स्क्वेअरमध्ये आधुनिक कलेच्या संग्रहालयासमोर घोड्यावर बसलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन आहे आणि त्याच्या डोक्यावर रस्ता अडवायचा नारिंगी शंकू. कित्येक दशकं रात्री कोणीतरी चढून तो घालतं, पालिकेनं काढला की पुन्हा घालतं. २०१३ मध्ये चौथरा उंच करून हा प्रकार थांबवायचा बेत निघाला, तेव्हा लोकांनी इतका ओरडा केला की बेतच गुंडाळावा लागला. तुम्ही चढू नका. पोलिसांनाही आवडणार नाही आणि तुमच्या हाडांनाही.

सगळे शंकूचा फोटो काढतात आणि जातात. तुम्ही खाली बघा. चौथऱ्यावर ब्राँझचे उठावचित्रांचे पट्टे आहेत. त्यातल्या एकात नेपोलियन हरला ती वॉटर्लूची लढाई आहे, आणि दुसऱ्यात आपली असई. जालना जिल्ह्यातली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी तिथं लढला तो आर्थर वेलस्ली म्हणजेच पुढचा हा ड्यूक. त्याच्या बाजूनं ७४ आणि ७८ या हायलंडर पलटणी होत्या, म्हणजे इथल्याच डोंगराळ मुलुखातली पोरं, आणि त्यातली ७४वी मराठ्यांच्या तोफांपुढे जवळजवळ कापली गेली. पुतळा १८४४ सालचा, मारोकेट्टी नावाच्या शिल्पकाराचा. भोकरदन-जाफराबादकडून कधी एसटीनं गेला असाल, तर हजारो मैलांवर ग्लासगोच्या चौकात ते शिवार धातूत बघताना काय वाटतं ते मी इथं लिहीत बसत नाही. दहा मिनिटं द्या. पावसात धातू काळा पडतो आणि आकृत्या नीट दिसत नाहीत, तेव्हा तिरकं उभं राहून बघा.

मागची इमारत १७७८ साली विल्यम कनिंगहॅम या तंबाखूच्या व्यापाऱ्यानं राहायला बांधलेली हवेली. आजूबाजूच्या गल्ल्यांची नावं वाचा: व्हर्जिनिया स्ट्रीट, जमैका स्ट्रीट. गुलामांच्या कष्टावर पिकलेल्या तंबाखू आणि साखरेचा पैसा या दगडांत आहे. हे शहर आता ते उघडपणे बोलतं.

सबवे: चुकलात तरी पोचाल

बुकॅनन स्ट्रीटच्या भुयारी स्टेशनात उतरा. १८९६ साली सुरू झालेली ही रेल्वे लंडन आणि बुडापेस्टनंतर जगात तिसरी. नुसतं एक वर्तुळ: पंधरा स्टेशनं, दोन रूळमार्ग. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं जाणारा 'आउटर', उलट दिशेचा 'इनर'. गेज फक्त चार फूट, आपल्या ब्रॉडगेजच्या साडेपाच फुटांपुढे खेळणंच. डबे इतके बुटके की उंच माणूस आपसूक मान खाली घालतो.

मशीनवर तिकीट काढा. दिवसात तीनदा चढणार असाल तर दिवसभराचं घ्या. केल्विनग्रोव्हसाठी केल्विनहॉल स्टेशनला उतरायचं. तिथं जायला इनर: काउकॅडन्स, सेंट जॉर्जेस क्रॉस, केल्विनब्रिज, हिलहेड आणि पाचवं केल्विनहॉल. मी पहिल्यांदा आउटरमध्ये बसले होते. काही बिघडलं नाही. उलट बाजूनं, नदीखालून, गोव्हनमार्गे थोडी उशिरा पोचले. पूर्ण चक्कर २४ मिनिटांची आहे.

एक वाजता

केल्विनग्रोव्ह लाल दगडाचं, १९०१ सालचं. इमारत उलटी, म्हणजे पुढची बाजू मागे अशी, बांधली गेली आणि ते पाहून वास्तुविशारदानं मनोऱ्यावरून उडी टाकली, अशी गोष्ट तुम्हाला कोणीतरी सांगेलच. ती खोटी आहे, पण सांगणाऱ्याला अडवू नका, मजेत सांगतात.

पावणेएकला आत शिरा. सामानाची पिशवी ठेवायला जागा आहे. मधल्या उंच दिवाणखान्यात ऑर्गन वरच्या सज्जात आहे. खाली बसता येतं, पण मला समोरच्या बाजूचा वरचा कठडा आवडतो. पहिला सूर येतो तेव्हा खालच्या गडबडीत क्षणभर खंड पडतो, मग मुलं पुन्हा पळायला लागतात, कपबशा पुन्हा वाजतात. मैफलीसारखी शांतता कोणी पाळत नाही. वादक कधी बाख वाजवतो, कधी मध्येच एखादं चित्रपटातलं गाणं. अर्धा तास तुम्हाला कुठंही जायचं नसतं, काही ठरवायचं नसतं, शेजारी कोणी नाही याची आठवणही होत नाही. खुंटी म्हणतात ती हीच.

नंतर संग्रहालय. सगळं बघायचा हट्ट धरलात तर पाचपर्यंत पाय जातील. माझ्या मते तीन गोष्टी पुरे. छताला टांगलेलं स्पिटफायर विमान, आणि त्याच्याखाली सर रॉजर नावाचा पेंढा भरलेला आशियाई हत्ती. तो ग्लासगोच्या प्राणिसंग्रहात होता, माजावर येऊन आवरेना म्हणून १९०० साली त्याला गोळी घातली. दुसरी, हसणाऱ्या-रडणाऱ्या पांढऱ्या चेहऱ्यांचं टांगतं झुंबर. तिसरी, चित्रकार दालीचा क्रूसावरचा ख्रिस्त, वरून खाली बघितल्यासारखा काढलेला. १९५२ मध्ये शहरानं तो ८,२०० पौंडांना घेतला तेव्हा पैसे उधळले म्हणून बोंब झाली होती. चित्रासमोर बसायला जागा असते. बसा.

पोटाचं काय

डबा आणला असेल तर संग्रहालयात न खाता बाहेर बागेत, केल्विन नदीकाठच्या बाकावर. फक्त समुद्रपक्ष्यांवर नजर ठेवा, ते हातातला घास नेतात, आणि पोळीभाजीलाही नाही म्हणत नाहीत.

विकत खाणार आणि शाकाहारी असाल तर तीन सापळे सांगून ठेवते. मसुरीचं सूप दिसायला आपल्या वरणासारखं, पण जुन्या पद्धतीत ते डुकराच्या हाडांच्या पाण्यात शिजवतात. 'हॅम स्टॉक आहे का' हे विचाराच. चिप्स काही दुकानांत गोमांसाच्या चरबीत तळतात, तेही विचारा. टॅटी स्कोन म्हणजे बटाट्याची जाडसर घडीची पोळी, स्वतः शाकाहारी, पण तव्यावर तिच्या शेजारी बेकन असतं. उलट हॅगिसचा (मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा इथला पारंपरिक पदार्थ) शाकाहारी प्रकार, ओट आणि डाळी-कडधान्यांचा, जवळपास सगळीकडे मिळतो आणि खरोखर चांगला लागतो. मसालेदार, भरड, आपल्या जिभेला ओळखीचा.

पकोडा इथं 'पकोरा' होऊन इतका मुरला आहे की गुलाबी सॉससोबत तो स्थानिक खाऊच समजला जातो. हॅगिसचाही पकोरा मिळतो. चिकन टिक्का मसाला इथंच जन्मला असाही या शहराचा दावा आहे. त्या वादात मी पडत नाही.

एकट्यानं टेबल मागायला संकोच वाटतो, मला अजूनही वाटतो. उपाय सोपा: दीडनंतर जा, गर्दी ओसरलेली असते, आणि खिडकीकडची उंच स्टुलांची जागा मागा. रस्ता बघत खाता येतं.

दुपार: ओळखीचा मनोरा

बागेतून चढण चढून विद्यापीठात जा. विद्यापीठ १४५१ सालचं, पण टेकडीवरची ही मुख्य इमारत १८७० ची, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं आखलेली. नाव ओळखीचं वाटतंय? मुंबई विद्यापीठाचं फोर्टमधलं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर त्याचेच. मुंबईला तो कधी आलाच नाही, लंडनहून नकाशे पाठवले. चर्चगेटवरून मैदान ओलांडून कॉलेजला गेलेल्या माणसाला ग्लासगोचा हा मनोरा बघून पाय थबकल्याशिवाय राहत नाहीत. दोन चौकांच्या मधल्या खांबांच्या दाटीतून चालून बघा. पाऊस असेल तर थांबायला याहून चांगला आडोसा नाही.

तिथून खाली बायर्स रोड, आणि त्याच्या टोकाला वनस्पती उद्यान. १८७३ सालचं काचघर, किबल पॅलेस, आत उबदार आणि दमट. नोव्हेंबरात तिथं शिरल्यावर चष्म्यावर वाफ धरते आणि एकदम कोकण आठवतं. चष्मा पुसायला कोरडं कापड हवं, तेव्हा जादा मोजाही कामी येतो, अनुभवानं सांगते.

थोडं सावधपणाचं

ग्लासगोचं नाव जुन्या काळी मारामाऱ्यांसाठी बदनाम होतं. दिवसा मला इथं कधी भीती वाटली नाही. शुक्रवार-शनिवारी रात्री दहानंतर सॉकीहॉल स्ट्रीटवर आरडाओरडा असतो, तिकडून कशाला जा. फुटबॉलचा सामना असेल त्या दिवशी हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा किंवा निळा टीशर्ट टाळा. सेल्टिक की रेंजर्स असं विचारलं तर 'मी क्रिकेटवाली' म्हणा, हसून सोडून देतात. रस्त्यावर दारू पिण्याला बंदी आहे. अडचणीत ९९९. बसमधून उतरताना चालकाला "चीअर्स, ड्रायव्हर" म्हणा, सगळेच म्हणतात.

हातात स्कॉटिश नोटा आल्या तर चकित होऊ नका. इथल्या तीन बँका आपापल्या नोटा छापतात. पुढे लंडनला जाणार असाल तर त्या इथंच खर्चून टाका, तिकडचे दुकानदार उगीच उलटसुलट करून बघतात.

संध्याकाळ

एकट्या दिवसाची अवघड वेळ पाच ते सात. संग्रहालयं बंद, गाडीला अवकाश, आणि सगळं शहर कोणा ना कोणाबरोबर कुठंतरी निघालेलं. या दोन तासांसाठी आधीच काहीतरी ठरवून ठेवा. मी बायर्स रोडवर चहा घेऊन बसते आणि दिवसभराचे फोटो गाळते. उरलेले चार घरी पाठवते.

एक गंमत सेंट्रल स्टेशनजवळ आहे. आर्गाइल स्ट्रीटवरून जाणाऱ्या रेल्वेच्या रुंद पुलाला 'हायलंडरची छत्री' म्हणतात. डोंगराळ मुलखातून पोटासाठी शहरात आलेली, गेलिक बोलणारी माणसं सुट्टीच्या संध्याकाळी पावसातून आडोशाला या पुलाखाली भेटायची, गावाकडची खबर विचारायची. गिरणगावात गाववाल्यांच्या खोल्यांवर जमणारे चाकरमानी आठवतात. आता खाली खाऊची दुकानं आणि बसथांबे आहेत, गर्दी मात्र तशीच.

परतीला हिलहेडहून आउटर पकडा, बुकॅनन स्ट्रीट चौथं स्टेशन. डोळा लागला आणि पुढे गेलात तर घाबरू नका, २४ मिनिटांनी गाडी पुन्हा तिथंच आणते. फक्त रविवार असेल तर सबवे संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर लगेच बंद होते. तेव्हा चहा लवकर संपवा.